इंजेक्शन थांबल्यानंतर

अहिल्यानगर जिल्ह्यातील काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार दूरदूरच्या शेतकऱ्यांना परिचित आहे. अशा बाजारातील जाणता खरेदीदार जनावराच्या आजच्या तुकतुकीवर व्यवहार करीत नाही. वैरण कोणती, खुराक किती, काम किती, हे तो विचारून घेतो. बाजाराच्या दिवसाची तुकतुकी उतरते आणि गोठ्यातील रीत तेवढी उरते, हे त्याला ठाऊक असते. हे शहाणपण माणूस स्वतःच्या देहाच्या बाबतीत मात्र विसरतो. वजन उतरविणाऱ्या नव्या इंजेक्शनांची चर्चा 'किती किलो उतरले' या प्रश्नापाशीच थांबते. औषध बंद केल्यावर काय, हे फारसे कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न आता मोठ्या शहरांपुरता राहणार नाही. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि जून २०२५ मध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात विक्रीस आले. टिर्झेपटाइडच्या सर्वांत कमी मात्रेची कुपी प्रारंभी ३,५०० रुपयांना होती आणि आठवड्याला एक कुपी लागते; म्हणजे महिन्याला १४,००० रुपये. पुढे सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. औषध स्वस्त झाले, तरी शिक्षक वा कारकून यांच्या घरात ते वर्षानुवर्षे चालविणे सोपे नाही. पुष्कळांचे औषध मध्येच सुटणार, हे गृहीत धरूनच विचार केला पाहिजे.

सुटल्यावर काय घडते, याचा पुरावा उपलब्ध आहे. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीचा पुढील भाग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ६८ आठवड्यांत सरासरी १७ टक्के वजन उतरलेल्यांनी औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश पुन्हा मिळविले. टिर्झेपटाइडच्या २०२३ मधील चाचणीतही औषध काढून घेताच वजन वाढू लागले.

यात माणसाच्या मनोनिग्रहाचा दोष शोधणे अन्यायाचे आहे. ही औषधे आतड्यात स्रवणाऱ्या संप्रेरकांची नक्कल करून भूक मंदावतात. औषध गेले की भूक परतते. शिवाय चरबी घटलेला देह त्या घटीला संकट समजतो. तो भूक वाढवितो आणि ऊर्जेचा खर्च आखडतो. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, ही आणखी एक अडचण. म्हणून पुन्हा जाड झालेल्याला आळशी म्हणून हिणविणारा समाज वस्तुस्थितीविषयीचे अज्ञानच प्रकट करतो.

मग औषध जन्मभर घ्यावे काय? रक्तदाबाच्या गोळीप्रमाणे काहींना ते दीर्घकाळ लागेलही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मधील मार्गदर्शनात दीर्घकालीन उपचारांचाच विचार केला आहे. मात्र आहार व व्यायाम यांची जोडही त्यात सुचविली आहे. ही जोड केवळ उपदेशापुरती नाही. लिराग्लुटाइड या जुन्या औषधावरील डेन्मार्कमधील अभ्यासात, औषधाबरोबर नियमित व्यायाम केलेल्यांचे वजन औषध थांबल्यावर नुसते औषध घेतलेल्यांपेक्षा कमी वाढले.

तेव्हा औषधाचे महिने ही उसंत आहे. भूक शांत असते तेव्हाच नवी रीत अंगवळणी पाडावी. दिवसातून चार-पाच वेळा होणारा साखरेचा चहा निम्म्यावर आणावा. जेवणात मटकीची उसळ, हुलगे, ताक, अंडी यांना जागा द्यावी. रोज चालावे आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. औषध कधी व कसे थांबवायचे हे डॉक्टरांनी आरंभीच सांगितले पाहिजे आणि मधुमेह असलेल्याने त्यांच्या सल्ल्यावाचून ते सोडू नये. थांबविल्यावर दर आठवड्याला वजन पाहावे, म्हणजे दोन किलो वाढताच सावध होता येईल. दहा किलो वाढल्यावरची जाग उपयोगाची नसते.

या कामी एकट्या रोग्यावर भार टाकून चालणार नाही. चालायला निर्धास्त रस्ता, शाळेचे संध्याकाळी उघडे असणारे मैदान आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आहाराचा सल्ला एवढे तरी काष्टीसारख्या गावात मिळाले पाहिजे. इंजेक्शन विकत मिळते. गोठ्यातील रीत विकत मिळत नाही. ती घरानेच लावावी लागते आणि गावाने जपावी लागते.