विश्लेषण : अर्ध्या सेकंदाच्या उशिरामुळे उघड झाला मोठा कट! कर्नलवर नजर ठेवणारी ही साधनं काय आहेत?

धाराशिव जिल्ह्यातल्या सोनारीत काळभैरवनाथाच्या दर्शनाला गेलात, नारळ-प्रसाद घेतला, क्यूआर कोड स्कॅन केला आणि स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहिलं. आपण नेटवर्कला नावं ठेवतो. पण उशीर नेटवर्कमुळे झाला, ॲपमुळे की यंत्राच्या आत, हे कळणार कसं?

कर्नल म्हणजे काय?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. कोणत्या ॲपला प्रोसेसर कधी आणि मेमरी किती मिळणार, हे तो ठरवतो. अँड्रॉइड फोन आणि जगभरातले असंख्य सर्व्हर लिनक्स कर्नलवर चालतात.

नोंद कशी ठेवतात?

लिनक्स कर्नलमध्ये २००८ पासून 'एफट्रेस' ही यंत्रणा आहे. तिचे कर्ते स्टीव्हन रोस्टेड यांनीच ती हाताळण्यासाठी 'ट्रेस-सीएमडी' हे साधन तयार केलं. त्यात बटणं नाहीत, आज्ञा टाइप करायच्या. 'रेकॉर्ड' म्हटलं की नोंद सुरू, 'रिपोर्ट' म्हटलं की हिशोब समोर: कोणतं काम, कोणत्या प्रोसेसरवर, कोणत्या क्षणी. वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत मोजलेली असते.

याचा आपल्याला काय उपयोग?

मार्च २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं दिसलं. त्यांनी 'पर्फ' हे याच जातकुळीतलं साधन चालवलं. वेळ 'एक्सझेड' या फाइल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत जात होता. लॉगिनशी तिचा काय संबंध? खोदत गेल्यावर त्यात लपवलेला चोरदरवाजा सापडला. 'जिया टॅन' नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावून तो बसवला होता. बाधित आवृत्त्या तोवर मुख्यतः चाचणीच्या लिनक्समध्येच पोहोचल्या होत्या. फ्रॉइंड यांनी २९ मार्चला माहिती जाहीर केली आणि पुढचा अनर्थ टळला.

मग धोका कुठे?

सगळं पाहू शकणारं साधन चुकीच्या हातात पडलं तर हेरगिरीही करू शकतं. म्हणूनच कर्नलच्या नोंदी सहसा फक्त 'रूट', म्हणजे सर्वोच्च अधिकार असलेल्यालाच पाहता येतात. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही डेव्हलपर ऑप्शन्सखाली 'सिस्टीम ट्रेसिंग' असतं. त्याची फाइल अनोळखी माणसाला पाठवू नका. फोनवर काय काय चालू होतं, याचा माग त्यात असतो.

एक्सझेडचा कट पकडला गेला, कारण साधन सर्वांना खुलं होतं आणि एका माणसाने अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष केलं नाही. दर वेळी असा माणूस तिथे असेलच, याची खात्री मात्र कोणीच देऊ शकत नाही.