मोबाइलमधलं मांजर आणि पिठाचा कोंबडा



मे महिन्यात पुण्याहून नात आली होती. वय नऊ. आमच्याकडे संध्याकाळचं जेवण सूर्यास्तापूर्वी उरकतं, हे तिला चांगलं माहीत आहे. तरी त्या दिवशी ताटं वाढून झाली, दोनदा हाक मारली, पण बाईसाहेब माडीवरच. वर जाऊन बघते तर टॅबवर एका निळ्या मांजराला खाऊ घालणं चाललेलं. "आजी, थांब ना, तो उपाशी आहे!"

दुसऱ्या दिवशी वळीव आला. चंदगडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. लाइट गेली, मागोमाग रेंज गेली. रात्री माझ्या शेजारी झोपलेली पोर मुसमुसू लागली, मांजर उपाशी राहिलं म्हणून. मी म्हटलं, "अगं, खोटं मांजर ते. त्याला कसली भूक?"

ती म्हणाली, "मग पिठाचा कोंबडापण खोटाच होता ना?"

मी गप्पच झाले. दशलक्षणात यशोधर राजाची कथा तिला मीच सांगितली होती. आईच्या हट्टापायी राजाने जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा करून बळी दिला आणि त्यासाठी मायलेकांना कितीतरी जन्म पशुयोनीत भोगावं लागलं. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक'मध्ये ती संस्कृतात लिहिली, जन्न कवीने १२०९ साली कन्नडमध्ये. हजार वर्षं आपण मुलांना सांगतोय की कोंबडा पिठाचा असला तरी मनातला भाव खरा असतो. मग मांजराच्या बाबतीत 'खोटं आहे' म्हणून हात झटकायला मला जागाच उरली नाही.

सूनबाईही काळजीत होती. म्हणाली, "आई, तुम्हीच दोन दिवस तिच्याजवळ बसून बघा. चालू ठेवायचं की बंद करायचं, तुम्ही सांगा." बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, पण सवय जात नाही. वही घेतली, मधोमध रेघ मारली आणि जमा-नावे लिहायला बसले.

आधी जमेची बाजू. आपल्यातल्या बऱ्याच घरांत कुत्रं-मांजर पाळत नाहीत. त्याला मांसाहार कुठून द्यायचा, हा प्रश्न असतो. पक्षी पिंजऱ्यात ठेवणं आपल्याला पटत नाही. इथे पिंजरा नाही, साखळी नाही. पोर वेळेवर खाऊ घालते, आंघोळ घालते, नाणी साठवून हिशेब ठेवते. मांजर हसलं की तिचा चेहरा फुलतो. ही माया खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कोंबड्याच्या कथेत क्रूर भाव मोजला जातो, तर इथे दयेचा भावही मोजायला हवा.

आता नावेची बाजू. त्या वेबसाइटवर रोज एक चक्र फिरवायचं असतं. काटा थांबेल तिथलं बक्षीस. एकदा फुकट, पुन्हा फिरवायचं तर 'रत्नं' लागतात आणि रत्नं खऱ्या पैशांनी मिळतात. सूनबाईच्या फोनवरून ३४९ रुपये गेलेले आम्हाला त्या दिवशी कळले. रक्कम मोठी नाही. पण सप्तव्यसनांत पहिलं नाव जुगाराचं का, ते मला त्या चक्रापुढे बसल्यावर समजलं. काटा थांबेपर्यंत पोरीचा श्वास रोखलेला असायचा. दोन मांजरांची झुंज लावायचाही खेळ होता. खाऊच्या दुकानात मांसाचे तुकडे होते. तिने ते कधी घेतले नव्हते, हे तिचं तिनेच सांगितलं. शिवाय अनोळखी लोकांशी गप्पा मारायची खिडकी होती.

पण माझ्या वहीतली सगळ्यात मोठी रक्कम यातली एकही नाही. ती आहे भूक.

श्रावकाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार आपण पाठ केलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आपल्या आधारावर असलेल्या जिवाचं अन्नपाणी रोखणं हा दोष आहे. गाय हंबरते ती तिच्या पोटासाठी. तिची भूक तिची असते. या मांजराची भूक कुणाची? ती ठरवणारं कुणीतरी कचेरीत बसलेलं आहे. सहा तासांनी तोंड पाडायचं, बारा तासांनी डोळ्यांत पाणी आणायचं, म्हणजे मूल परत येईल. म्हणजे आपण पोरीच्या मनात जी दया पेरली, तिचाच दोर करून तिला ओढलं जातं. धंद्याचं गणित मला कळतं, गिऱ्हाईक परत यावं असं प्रत्येक दुकानदाराला वाटतं. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या करुणेवर दुकान चालवणं मला पटत नाही.

हे आजचं नाही. १९९६ साली जपानमध्ये तामागोची नावाचं अंड्याएवढं खेळणं निघालं. वेळेवर लक्ष दिलं नाही तर त्यातलं पिल्लू मरायचं, म्हणून मुलं ते शाळेत नेऊ लागली. १९९९ साली नियोपेट्स ही वेबसाइट आली. त्यात पाळीव प्राणी कितीही उपाशी राहिला तरी मरत नाही आणि गरिबांसाठी फुकट सूप देणारी परीही आहे. ही मला बरी कल्पना वाटली. पण २००५ साली व्हायकॉम या अमेरिकी कंपनीने ती १६ कोटी डॉलरना विकत घेतली आणि २००७ साली खऱ्या पैशांनी घ्यायचं वेगळं चलन तिथे सुरू झालं. २०२२ साली तिथल्या सुमारे ६.९ कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. मुलाचं नाव, जन्मतारीख कुठे भरतो, याचा विचार आपण करतो का? आपल्या देशात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळलेली संमती हवी, असं म्हटलं आहे. पण पोरीने स्वतःच जन्मसाल वाढवून टाकलं तर कायदा काय करणार?

खऱ्या जिवाचं मोल वेगळं असतं. २०२५ च्या जुलैत नांदणी मठाची महादेवी हत्तीण वनताराला नेली, तेव्हा आपल्यापैकी कितीजणींच्या डोळ्यांत पाणी आलं! निकाल कुणाला पटो न पटो, पण तिथे प्रश्न तिच्या पायांचा, तिच्या एकटेपणाचा होता. आपली माया कितीही असली तरी त्या जिवाला काय हवं, हे विचारावंच लागलं. पडद्यावरच्या मांजराबद्दल हा प्रश्नच उरत नाही. त्याला काही नकोच असतं.

मग माझा निकाल. ती वेबसाइट नको. पण असे सगळेच खेळ वाईट, असंही नाही. चार गोष्टी बघा. पैसे भरायची वाट आहे का? नशिबाचं चक्र आहे का? अनोळखी माणसं बोलू शकतात का? आणि मूल दोन दिवस आलं नाही तर प्राणी रडतो का? एकाचंही उत्तर 'हो' आलं तर नको. चारही 'नाही' असतील तर आठ वर्षांवरच्या मुलाने मोठ्यांच्या शेजारी बसून अर्धा तास खेळावं. संध्याकाळच्या ताटाआधी बंद, आणि दशलक्षणात पूर्ण सुट्टी.

एक मात्र करू नका. खाडकन हिसकावून घेऊ नका. आम्ही तिला शेवटचं खाऊ घालू दिलं, मग सूनबाईने खातं बंद केलं. पोर रडली. मी समजूत घातली नाही, नुसती जवळ बसले.

आणि एक कबुली. त्या दोन दिवसांत वही घेऊन माडीवर बसलेल्या मला परसातल्या फणसाखालची पाखरांची मातीची थाळी आठवलीच नव्हती. बघितलं तेव्हा कोरडी ठणठणीत होती. अन्नपाननिरोधावर एवढं लिहिणारी मी! सुट्टी संपेपर्यंत पाणी गाळून ती थाळी भरायचं काम नातीने घेतलं. बुलबुल येऊन पाणी पिऊन जायचे, तिच्याकडे बघतही नसत. पहिल्या दिवशी तिला राग आला. चार दिवसांनी म्हणाली, "आजी, त्यांना मी आवडले नाही तरी चालेल."

ती पुण्याला गेल्यावर थाळी मी भरते. रोज फोनवर विचारते, "भरलीस ना?"