मशीन आपलं, चावी दुसऱ्याची

नगरकरांनो, आज राजकारण नाही. म्हणजे आहेच, पण निवडणुकीचं नाही.

मध्यंतरी जिल्ह्यातल्या एका शाळेत गेलो होतो. लॅबमध्ये छोटं सीएनसी राऊटर मशीन, लाकडावर नि अ‍ॅक्रिलिकवर कोरीवकाम करणारं. अंगावर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर धूळ. म्हटलं, सर चालवून दाखवा की. सर म्हणाले, "कॉम्प्युटर फॉरमॅट केला तेव्हापासून बंदच आहे. सॉफ्टवेअर चावी मागतंय आणि विकणारा फोन उचलत नाही." मोटारी ठीक, स्पिंडल ठीक, वायरिंग ठीक. अडलंय काय, तर एक पासवर्ड!

मी हसलो नाही, कारण माझ्या घरच्या मशीनची हीच गत झाली होती. हौस म्हणून घेतलेलं, देव्हाऱ्याच्या जाळ्या आणि नावाच्या पाट्या करायला. विक्रेत्याने सॉफ्टवेअर "टाकून दिलं". ती क्रॅक केलेली कॉपी होती हे नंतर कळलं. चालायची फक्त जुन्या विंडोजवर, पॅरलल पोर्टवाल्या कॉम्प्युटरवर. तो मदरबोर्ड जळाला आणि तसा दुसरा शोधत मी भंगारवाल्यांकडे फिरलो. हजारोंचं मशीन आणि त्याचा जीव भंगारात!

शेवटी वैतागून ओपन सोर्सकडे वळलो. जीआरबीएल नावाचा प्रोग्राम आहे, २००९ मध्ये नॉर्वेच्या एका माणसाने लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. आर्डुइनो ऊनो या छोट्याशा बोर्डवर, अवघ्या ३२ केबी मेमरीत तो बसतो. मोटारी आणि ड्रायव्हर जुनेच ठेवले, फक्त मधला मेंदू बदलला. लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप यूएसबीने जोडला, झालं.

"झालं" म्हणायला सोपं आहे राव. पहिल्या दिवशी १०० मिमी सांगितलं तर मशीन ५० मिमीच सरकलं. मग वही काढली. मोटारीच्या फेरीला २०० स्टेप, ड्रायव्हरवर आठपट मायक्रोस्टेपिंग, स्क्रूच्या एका फेरीत ५ मिमी सरक. १६०० भागिले ५, म्हणजे मिलिमीटरला ३२०. मी १६० भरले होते. दुसऱ्या दिवशी पाटीवरचं नाव उलटं, आरशातल्यासारखं कोरलं गेलं, कारण एका अक्षाची दिशा चुकलेली. एक आकडा बदलला, सरळ झालं. (इमर्जन्सी स्टॉप मात्र सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवू नका, थेट वीज तोडणारं बटण लावा.) ही मेहनत वाया गेली का? उलट, इतकी वर्षं मशीन चालवूनही ते कसं चालतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

लोक विचारतात, फुकटच्या सॉफ्टवेअरला वाली कोण? मी विचारतो, विकतच्याला होता का? लिनक्सवर चालणारा लिनक्ससीएनसी हा दुसरा प्रोग्राम. त्याचं मूळ अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत आहे. जनतेच्या पैशातून झालेलं काम म्हणून ते जनतेला खुलं मिळालं. आपल्याकडे उलटं. पैसा जनतेचा, मशीन शाळेचं, आणि कुलूप विक्रेत्याचं.

या जिल्ह्याला हे वेगळं शिकवायला नको खरं तर. खासगी कारखानदाराच्या दारात भावासाठी उभं राहायचं नाही, म्हणून प्रवरेला शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला. (पुढे सहकाराचं काय झालं तो वेगळ्या पोस्टचा विषय.) आणि खेड्यातल्या पोरांना हे झेपणार नाही म्हणणाऱ्यांनी शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला जाऊन यावं. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम तिथं आहे. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये तिथं उभी राहिली. पुण्यात नाही, मुंबईत नाही, पाबळला!

केंद्र सरकारने २०१५ मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी ओपन सोर्सला प्राधान्य देणारं धोरण आणलं. मग आयटीआय, पॉलिटेक्निक, शाळेच्या लॅबमधल्या मशीनला तोच न्याय का नाही? खरेदीच्या आदेशात एवढंच लिहा: कंट्रोलर खुल्या सॉफ्टवेअरवर चालला पाहिजे, वायरिंगचा नकाशा आणि सेटिंगची फाईल मशीनसोबत मिळाली पाहिजे, आणि पासवर्ड असलाच तर तो संस्थेकडे राहिला पाहिजे. याला जादा पैसा लागत नाही. खरेदी समितीत मशीन कळणारा एक माणूस लागतो, आणि गाडी नेमकी तिथंच अडते.

कर्ज काढून राऊटर घेणाऱ्या पोरांनो, तुम्हीही कोटेशनवर सही करण्याआधी हेच मागा. विक्रेता "त्याची गरज नाही" म्हणाला, तर दुसरा विक्रेता बघा.

आणि तुमच्या गावच्या शाळेत, आयटीआयमध्ये असं मशीन असेल तर या आठवड्यात जाऊन बघा. चालू आहे का, आणि चावी कोणाकडे आहे. संस्थेचं नाव नको, फक्त तालुका आणि मशीन किती दिवस बंद आहे ते खाली लिहा. माझ्याकडे एक जादा ऊनो पडून आहे, पहिला सांगेल त्याच्या शाळेला मी स्वतः येऊन जोडून देतो.