पस्तीस रुपयांचं गणित

"शेतकऱ्यांचं काय, सगळं फुकट! टॅक्स आपण भरायचा आणि अनुदान त्यांनी घ्यायचं." ऑफिसात जेवताना हे वाक्य महिन्यातून एकदा तरी कानावर पडतंच. पूर्वी मी सोडून द्यायचो. २०२४ च्या दिवाळीत राहात्याला मामांकडे जाऊन आल्यापासून सोडून देववत नाही.

मामांकडे पाच गायी. त्यांनी विचारलं, "अनुदान पाचाचं सात झालं म्हणतात. मग मला पस्तीसच कसे?"

म्हटलं, बघू. १ जुलै २०२४ पासून गायीच्या दुधाला (३.५ फॅट, ८.५ एसएनएफ) डेअरीने ३० रुपये द्यायचे आणि सरकारने ५, असं ठरलं होतं. एकूण ३५. १ ऑक्टोबरपासून सरकारचे झाले ७ आणि डेअरीचे २८. एकूण? पुन्हा ३५च! म्हणजे तिजोरीतून लिटरमागे दोन रुपये जास्त गेले, पण वाचले ते डेअरीचे. नाव मात्र शेतकऱ्याचं.

डेअरीवाले सगळे चोर, असं मला म्हणायचं नाही. जास्तीच्या दुधाची पावडर करावी लागते आणि पावडर-बटरचे भाव पडले की ३० रुपये देणं खरंच जड जातं. पण मग मदत डेअरीच्या नावाने द्या ना! २०१८ च्या दूध आंदोलनानंतर तसंच झालं होतं. शेतकऱ्याला २५ रुपये द्यायच्या अटीवर लिटरमागे ५ रुपये दूध संघांना आणि डेअऱ्यांना जाहीर झाले. त्यात निदान कुणाला मिळतंय ते कळत तरी होतं.

आता आपल्या धंद्यातला मुद्दा. अनुदानासाठी गायीच्या कानात १२ अंकी बिल्ला हवा होता, त्याची ऑनलाइन नोंद हवी होती, बँक खातं आधारशी जोडलेलं हवं होतं. रोजच्या दुधाची माहिती भरायची डेअरी. मामांचे एका दहा दिवसांचे पैसे आलेच नाहीत. आकडा कुठे चुकला, कुणालाच सांगता येईना. आपल्याकडे साधं रिचार्ज फसलं तरी मेसेज येतो. इथे नुसती शांतता. मामा म्हणाले, "गायीचा नंबर बारा आकडी, माझाही बारा आकडी. पैसे कुठे गेले ते दोघांनाही ठाऊक नाही."

मामांचा ऊसही आहे. उसाला एफआरपी आहे, १४ दिवसांत पैसे द्यायचं बंधन आहे, उशीर झाला तर व्याज आहे. पाळलं जात नाही तेव्हा बोंब होते, पण बोट ठेवायला कागद तरी असतो. मामांच्या दुधाला तसा कागद नव्हता. होता तो फक्त मंत्रिमंडळाचा निर्णय, आज आहे, उद्या नाही. १ जून २०१७ चा शेतकरी संप याच तालुक्यातल्या पुणतांब्यातून सुरू झाला होता. रस्त्यावर ओतलेलं दूध आपण टीव्हीवर पाहिलं आणि "काय ही नासाडी!" म्हणून चॅनल बदललं.

अनुदान नकोच असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की दुधालाही उसासारखा कायद्याचा आधार द्या, डेअरीला दिलेले पैसे डेअरीच्या नावावर दाखवा, आणि पैसे अडले तर का अडले हे मराठीत, शेतकऱ्याच्या मोबाइलवर कळवा. यातलं शेवटचं काम तर आपल्यातली दोन पोरं महिन्याभरात करून देतील.

असो. पुढच्या वेळी जेवणाच्या टेबलावर "सगळं फुकट" ऐकलं, की मी एवढंच विचारणार आहे: कुणाला?