यंत्र आहे, पण हिशेब जुळत नाही

मोटारीच्या कारखान्यात यंत्रमानव एका जागी उभा असतो आणि गाडीचा सांगाडा त्याच्यासमोर येतो. बांधकामावर याच्या उलट स्थिती असते. इमारत जागेवरून हलत नाही. यंत्रालाच विटांचे ढीग आणि सळ्यांचे भारे ओलांडून मजल्यामागून मजला चढावे लागते. या व्यवसायात स्वयंचलित यंत्रे का रुळत नाहीत, याचे अर्धे उत्तर या फरकात आहे. उरलेले अर्धे हिशेबाच्या वहीत आहे.

जपानचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. माणसांची टंचाई जाणवू लागल्यावर तेथील शिमिझू कंपनीने १९८३ साली पोलादी तुळयांवर अग्निरोधक लेप फवारणारा यंत्रमानव तयार केला. पुढे नागोया शहरातील एका बँकेच्या इमारतीसाठी तिने मजल्यांची जुळणी करणारी स्वयंचलित यंत्रणाच उभारली. तंत्र सिद्ध झाले. व्यवहार मात्र सिद्ध झाला नाही. यंत्र हलवण्यास आणि त्यावर लक्ष ठेवण्यास माणसे लागतच राहिली. त्यातच १९९० नंतर जमिनीचे भाव कोसळले, कामे आटली आणि एवढ्या खर्चिक यंत्रणांना पुरेसे कामच उरले नाही.

विटा रचणाऱ्या यंत्रांची कथा याहून फार निराळी नाही. अमेरिकेतील ‘सॅम’ हे यंत्र वीट रचते. पण सांधे घोटण्यास आणि कोपरे साधण्यास गवंडी लागतोच. ऑस्ट्रेलियातील ‘हेड्रियन’साठी तर साध्या विटेऐवजी मोठे ठोकळे आणि चुन्या-सिमेंटच्या गिलाव्याऐवजी चिकटद्रव्य वापरावे लागते. यंत्र आणायचे, तर माल आणि नकाशाही बदलावा लागतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. बिल्डर, ठेकेदार, उपठेकेदार आणि मुकादम अशी कामाची साखळी असते. यंत्रात भांडवल घालायचे उपठेकेदाराने. काम लवकर संपल्याचा लाभ मात्र बिल्डरला. पुढचे काम केव्हा मिळेल याची शाश्वती नाही, आणि यंत्र रिकामे उभे राहिले तरी कर्जाचे व्याज थांबत नाही. मजुराला काम संपताच निरोप देता येतो. यंत्राच्या हप्त्याला देता येत नाही.

तरीही मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत ॲल्युमिनियमचे सेंट्रिंग रुजले. मजले एकसारखे असल्याने तेच साचे पुन्हापुन्हा वापरता येतात आणि त्यांची किंमत वसूल होते. जेथे पुनरावृत्ती आहे, तेथेच यंत्राचा हिशेब जुळतो.

परंतु ‘मजुरी स्वस्त आहे’ या वाक्यात एक रक्कम मांडलेलीच नसते. काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची धूळ मजुराच्या फुप्फुसात साठते. परांचीवरून घसरलेला पाय एका घराचा आधार नेतो. हा खर्च ठेकेदाराच्या वहीत चढत नाही, मजुराच्या घरावर चढतो. हिल्टी कंपनीने २०२० साली आणलेला, छताला भोके पाडणारा यंत्रमानव म्हणूनच लक्षणीय आहे. तो सारे बांधकाम हाती घेत नाही, तर हात वर धरून तासन्‌तास करावे लागणारे कष्टाचे आणि धुळीचे एकच काम करतो.

म्हणून यंत्र घेऊ पाहणाऱ्या व्यावसायिकाने तीन प्रश्न आधी विचारावेत. वर्षातून किती दिवस ते चालेल? बिघडल्यास दुरुस्ती कोण करील? आणि कोणते जोखमीचे काम त्याने माणसाच्या अंगावरून उतरेल? पहिल्या दोन उत्तरांनी भांडवल वाचेल, तिसऱ्याने माणूस.