जोडपानावर आईचा फोटो



मागे आमच्या घरी वस्तीतील चार महाविद्यालयीन मुले-मुली आली. त्यांनी मोबाईलवर बारा मिनिटांचा लघुपट तयार केला होता. त्यांच्यापैकीच एकाची आई पहाटे कागद-काच-पत्रा वेचायला निघते, दुपारी माल विकते आणि संध्याकाळी प्रौढांच्या वर्गात बसून अक्षरे गिरवते, एवढीच कथा. त्याच्या जाहिरातीसाठी महाविद्यालयाच्या अंकात समोरासमोरची दोन पाने, म्हणजे जोडपान, त्यांना मिळाले होते. आमची हयात छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली, म्हणून ती सल्ला घ्यायला आली.

मुलांनी नमुना पुढे ठेवला. दोन्ही पानांवर पसरलेला एकच फोटो. उकिरड्यावर वाकलेली आई, पाठीवर पोते. आम्ही कागदाला मधोमध घडी घातली. आईचा चेहरा नेमका घडीत गेला!

आम्ही म्हणालो, “बाळांनो, पिना मारलेल्या अंकात अगदी मधली दोन पानेच एका कागदावर असतात. बाकीची जोडपाने दोन वेगळ्या कागदांवर छापतात, चित्राचे दोन भाग तंतोतंत जुळतीलच असे नाही. म्हणून चेहरा आणि अक्षरे घडीपासून दूर ठेवा.”

दुसरी गोष्ट. हा फोटो त्यांनी लघुपटातूनच उचलला होता. पडद्यावर तो लख्ख दिसे. पण त्याची रुंदी 1920 ठिपक्यांची. चांगल्या छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणजे तो जेमतेम साडेसहा इंच पुरतो. जोडपान तर साडेसोळा इंच रुंद! फोटो ताणला की तो धूसर होणारच. जाहिरातीचा फोटो वेगळा काढावा. आणि निळ्या रंगाची चाचणी छपाई आधी पाहावी. पडदा रंग प्रकाशातून दाखवतो, छापखाना शाईतून. मोबाईलवरचा झळझळीत निळा कागदावर मंद उतरतो.

मग आम्ही विचारले, “हा फोटो आईला दाखवला का?”

मुले गप्प. मुलगा म्हणाला, “लोकांना कणव आली तर लोक बघायला येतील.”

आम्ही त्याच्या आईला बोलावून घेतले. तिने फोटो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, “सिनेमात मी वाकते ते खरं हाय. पर तिथं मी वाकते अन् उठतेबी. ह्या फोटूत मी नुसती वाकलेलीच राह्यले रे.”

आम्ही इतकी वर्षे छापखान्यात काढली, पण ही गोष्ट आम्हाला सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवा फोटो काढला. भंगाराच्या काट्याशेजारी ती ताठ उभी, नजर समोर. पान उलटताना उजवे पान आधी दिसते, म्हणून फोटो तिथे. डावीकडे लघुपटाचे नाव मोठ्या अक्षरात, चार ओळींत कथा, पण शेवट न सांगता. खाली दिवस, वेळ, ठिकाण. मग काम करणाऱ्या सर्वांची नावे, चित्रणासाठी वीज देणाऱ्या शेजाऱ्याचेसुद्धा. पहिले नाव आईचे. ते तिने स्वतः पाटीवर लिहिले आणि तसेच छापले. “अक्षर वाकडं आलंय,” मुलगा पुटपुटला. आम्ही म्हणालो, “राहू दे. तिचे आहे.”

विद्यार्थ्यांचे काम म्हणून कुणी हलके समजू नये. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट तेव्हाच्या अहमदनगरात शिकत असतानाच केला. शाळेची ओढ असलेल्या मुलाच्या त्या लघुपटाला 58 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. कोणाचे पोर कुठवर जाईल, हे आज कोण सांगणार?

म्हणून मायबापांनो, मुले तुमचे जगणे चित्रात मांडू लागली तर त्यांना अडवू नका. पण फोटो छापण्याआधी बघायला मागा. आणि मुलांनो, ज्याचा चेहरा छापता, त्याला आधी विचारा. लोकांना बोलवायचे तर माणसाला दीनवाणे दाखवावे लागत नाही.

अंक निघाला, तेव्हा ती माउली तो पिशवीत जपून आमच्याकडे घेऊन आली. जोडपान उघडून तिने आधी मधली घडी पाहिली. मग आपल्या नावावरून बोट फिरवले.