मनाचा कौल आणि मनाची कुरकुर

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे.

परवा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात 'आत्मपरीक्षण' या विषयावर व्याख्यान झालं. वक्ते गोड बोलणारे होते. सार असं की, आतला आवाज कधी खोटं बोलत नाही, त्याचा कौल घ्या, झाल्या चुकांबद्दल स्वतःला माफ करा आणि हलके व्हा. टाळ्या पडल्या. आमच्या घरातल्या एका सद्गृहस्थांनीही वाजवल्या (नाव घेत नाही, ते हे वाचतातच!). मी चहा न घेता घरी आले.

आतला आवाज खोटं बोलत नाही? कालिदासाचा दुष्यंतच घ्या. पहिल्या अंकात त्याला आश्रमात शकुंतला दिसते आणि प्रश्न पडतो, ही ऋषिकन्या, हिच्याशी लग्न चालेल का? नीट चौकशी करण्याआधीच तो ठरवून टाकतो की, ज्या अर्थी माझं मन हिच्यावर गेलं त्या अर्थी ही क्षत्रियाला चालण्याजोगीच असणार. सज्जनाला शंका आली की त्याचं अंतःकरणच प्रमाण! अंदाज बरोबर निघतो, विश्वामित्र-मेनकेची मुलगी ती. पण हा सज्जन, हे ठरवलं कोणी? त्यानेच. आणि निकाल लागला तोही हवा होता तोच.

पाचव्या अंकात तोच राजा शापामुळे तिला विसरलेला आहे. आतून हंसपदिकेचं गाणं ऐकू येतं आणि काही कारण नसताना त्याचा जीव कासावीस होतो. ही खरी अस्सल अंतःप्रेरणा. तो तिचं काय करतो? गेल्या जन्मीचं काही आठवत असेल, असं म्हणून तिला वाटेला लावतो. थोड्याच वेळात शकुंतला समोर येऊन उभी राहते आणि तो तिला ओळखत नाही. त्याला शापाची सबब आहे, मान्य. तुम्हाआम्हाला कुठल्या दुर्वासाने शाप दिलाय?

म्हणून 'तुझंच बरोबर' असं खणखणीत सांगणाऱ्या आवाजावर माझा भरवसा नाही. जो नुसता कुरकुरतो, धड काय ते सांगतही नाही, त्याच्याजवळ बसावं.

मानसशास्त्र शिकणाऱ्या नातीने मला डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन यांच्या २००९ सालच्या लेखाबद्दल सांगितलं. एक अंतःप्रेरणेवर शंका घेणारा, दुसरा अग्निशमन दलातल्या अनुभवी लोकांचे झटपट निर्णय अभ्यासून तिचं कौतुक करणारा. दोघांनी मिळून लिहिलं की, जिथे गोष्टी ठराविक रीतीने घडतात आणि आपलं चुकलं की बरोबर हे लगेच कळत राहतं, तिथेच असा अंदाज भरवशाचा. आपल्याला किती खात्री वाटते, याला काही किंमत नाही. मला पटलं. वर्गाला संधी समजला की नाही हे मला फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं, कारण रोज पडताळा मिळे. पण चोर ओळखण्याचा सराव मला कधी होता?

आता माझीच गोष्ट सांगते. साल १९८४. आठवीच्या वर्गातले सहलीचे पैसे कमी भरले. माझं मन म्हणालं, तो शेवटच्या बाकावरचा. शंभर टक्के खात्री! सगळ्या वर्गासमोर त्याचं दप्तर उलटं केलं. दोन वह्या, एक पेन्सिल आणि फडक्यात बांधलेली भाकरी निघाली. पैसे दुसऱ्या दिवशी हजेरीपटाच्या कव्हरात सापडले. मी ते गुपचूप भरून टाकले.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत होते की हेतू चांगला होता, शिस्त लागतेच. वक्त्यांच्या भाषेत मी स्वतःला माफ केलं होतं. अहो, पण ज्याचं दप्तर उलटं केलं त्याला कोणी विचारलं? माफी माझ्या खिशातली नव्हतीच. तरी कोणाचंही दप्तर खाली पडलं की पोटात कसंतरी व्हायचं. मग मधली काही वर्षं उलट टोकाला गेले. मी नालायक, मी शिक्षिका म्हणायच्या लायकीची नाही, रात्री रडणं वगैरे. त्याचाही उपयोग नाही. त्या रडण्यात सगळीकडे मीच, तो मुलगा कुठेच नाही.

समर्थांनी मनाचे श्लोक २०५ लिहिले. उपदेश कडक आहे, पण मनाला हाक मारतात ती 'सज्जना' म्हणून. दुष्यंत ही पदवी स्वतःच घेऊन निकाल देतो, समर्थ ती मनाला देऊन कामाला लावतात. मला त्याचा उपयोग असा झाला की, एका संध्याकाळी मी रागावल्याशिवाय स्वतःला विचारलं, बाई, त्या दिवशी त्या मुलाकडे बघून तुला नक्की काय दिसलं होतं? उत्तर आलं. अनवाणी पाय. आणि तो कुठल्या वस्तीतून येतो ते. ज्याला मी मनाचा कौल म्हणत होते तो एवढाच होता. महिनाअखेर होती, वरून हिशेबाची घाई होती, मी थकले होते, हेही सगळं दिसलं. दिसलं तरी त्या पायांवर पांघरूण घालता आलं नाही.

हे लक्षात आल्यावर त्याला शोधावं असं ठरवलं आणि टाळत राहिले. २०१२ मध्ये एका लग्नात तोच समोर आला. वाकून नमस्कार केला. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगायला सुरुवात केली. अनवाणी पायांचंही सांगितलं. तो खाली बघत ऐकत होता. मग म्हणाला, "बाई, ते पैसे सापडले होते का पण?"

अठ्ठावीस वर्षं त्याला ठाऊकच नव्हतं. वर्गाला मी कधी सांगितलंच नव्हतं ना.

"दुसऱ्याच दिवशी," मी म्हणाले.